मालदीवच्या पाण्यातली हराळी : समुद्री गवत उपटावं का राहू द्यावं?

निफाडकर_बागायतदार

नमस्कार मंडळी, एक गोष्ट महिनाभर डोक्यात घोळतेय म्हणून लिहितोय, लांब होईल, सांभाळून घ्या.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पोरानं आम्हा दोघांना मालदीवला पाठवलं. द्राक्षबागेची खरड छाटणी उरकली होती, मे संपत आलेला, तिकडे ऑफ सीझन म्हणून परवडलं. रिसॉर्टचं नाव लिहीत नाही, कारण विषय एका रिसॉर्टचा नाहीये. मला पहाटे उठायची सवय, बायको झोपलेली, मी एकटाच किनाऱ्यावर गेलो तर दोन कामगार कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून काहीतरी उपटत होते आणि गोणीत भरत होते. अगदी आपल्याकडे निंदणीला बाया बसतात तसं, ओळीनं. त्यातला एक बांगलादेशचा होता, हिंदीत बोलला. म्हणाला गेस्ट लोकांना पाण्यात काळं दिसलं की आवडत नाही, पायाला लागलं की ओरडतात, म्हणून रोज सकाळी गेस्ट उठायच्या आत हे काढायचं.

मी गोणीतली एक जुडी हातात घेतली. फितीसारखी लांब पानं, टोकाला गोल, खाली पांढरट कांडी, कांडीला पेरं आणि पेरापेराला मुळं फुटलेली. अहो ही हराळी! पंचवीस वर्षं बागेत हराळीच्या काशा, म्हणजे जमिनीखालच्या कांड्या, वेचतोय, मला कुणी सांगायची गरज नव्हती, फक्त ही खाऱ्या पाण्यातली होती. मुळांनी वाळू अशी धरून ठेवलेली की दोनदा झटकली तरी निम्मी तशीच. पानांत नखाएवढा एक खेकडा होता तो बोटावर चढला, त्याला पाण्यात सोडला. आणि जिथून उपटलं होतं तिथलं पाणी दुधासारखं पांढरं, तळ दिसेना, मघापर्यंत तिथं आरशासारखं दिसत होतं.

मी विचारलं मग वाळू वाहून जात नाही का, तर म्हणाला जाते ना, दरवर्षी पंप लावून समुद्रातनं परत किनाऱ्यावर आणून टाकतात.

तिथंच मला वडिलांची बाग आठवली. त्यांच्या वेळी बाग म्हणजे आरसा पाहिजे, ओळींमधे एक काडी गवत दिसलं तर शेजारी नावं ठेवायचे. आम्ही पण वर्षानुवर्षं तणनाशक मारलं, आणि पहिला वळवाचा पाऊस झाला की बोदाची माती नाल्यात, नाला लाल. आता सहा-सात वर्षं झाली, ओळींमधे गवत राहू देतो, वाढलं की ग्रासकटर फिरवतो आणि तिथंच आच्छादन म्हणून पडू देतो. पाणी मुरतं, गांडूळ दिसतं, भर पावसात बागेत चाललं तरी बुटाला चिखल चिकटत नाही. हे शिकायला मला अर्धं आयुष्य लागलं आणि तिकडे एक आख्खा देश, ज्याची जमीन समुद्रापासून सरासरी दीड मीटर वर आहे, तो आपली हराळी उपटतोय, ते पण आमच्यासारख्या चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी. मला फार वाईट वाटलं. कुणाला यातलं जास्त माहिती असेल तर सांगा.

सावली_नाशिकरोड

दादा, फार छान लिहिलंय, आणि हराळीशी साम्य ओळखलंत ते तर अगदी बरोबर. मी ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते. हे समुद्री गवत, बहुतेक लोक याला शेवाळ म्हणतात, ते शेवाळ नाही. शेवाळाला खरी मुळं नसतात, फुलं नसतात. ही सपुष्प वनस्पती आहे, गहू-कांद्यासारखी एकदल, कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीवरनं परत समुद्रात गेलेली. हिला फुलं येतात, बी धरतं, परागीभवन चक्क पाण्याखाली होतं. जगभरात मिळून साधारण ७२ जाती, बस्स. आणि तुम्ही म्हणताय ती कांडी म्हणजे जमिनीखालचं खोडच, हराळीच्या काशीसारखं आडवं पसरतं आणि पेरापेराला मुळं सोडतं. म्हणून एकदा खोडासकट उपटलं की नुसती पानं कापल्यासारखं होत नाही, काही जातींना ती जागा परत भरायला कितीतरी वर्षं लागतात.

ही पानं लाटेचा जोर कमी करतात, पाण्यातला गाळ तिथं खाली बसतो, म्हणून तर लगूनचं, म्हणजे बेटाजवळच्या उथळ भागातलं, पाणी इतकं नितळ. म्हणजे ज्या निळ्या नितळ पाण्याचा फोटो बघून आपण तिकिट काढतो ते नितळ ठेवायच्या कामात या गवताचा मोठा वाटा आहे. आणखी एक, पानांवर चुनखडीचं कवच असलेले बारीक जीव वाढतात, ते मेले की त्यांचा चुरा होतो, आणि बेटावरच्या पांढऱ्या वाळूत तो पण असतो.

कार्बनचं पण सांगते, समुद्रतळाच्या ०.२ टक्क्यांहून कमी जागेत हे गवत आहे पण समुद्रात दरवर्षी गाडल्या जाणाऱ्या कार्बनपैकी साधारण १० टक्के याच्या मुळाशी जातो असा अंदाज आहे. त्या चिखलात ऑक्सिजन नसतो म्हणून कुजत नाही, शेकडो हजारो वर्षं पडून राहतो. उपटलं की ते सगळं उघडं पडतं.

सहल_कॉलेजरोड

मी टूर्सच्या धंद्यात आहे, नाशिकमधून दरवर्षी बरेच कपल्स मालदीवला पाठवतो, तर दुसरी बाजू पण सांगतो, राग मानू नका. माणूस आयुष्यात एकदा दीड-दोन लाख घालून जातो, ब्रोशरमधे पांढरी वाळू निळं पाणी बघितलेलं असतं, आणि व्हिलाच्या पायऱ्या उतरला की खाली काळपट हिरवं गवत. लगेच मला व्हॉट्सॲपवर फोटो येतो की तुम्ही फसवलं, पाणी घाण आहे. मी रिसॉर्टला कळवतो, ते साफ करतात. आता तुमचा धागा वाचून मला जाणवतंय की त्या साखळीत मी पण एक कडी आहे.

पण एक शंका आहे. मधे वाचलं होतं की मालदीवमधे हे गवत उलट वाढलंय, गेल्या वीस वर्षांत तिपटीच्या आसपास, सॅटेलाइटच्या फोटोंवरनं मोजलेलं. मग थोडं काढलं तर बिघडलं कुठं?

सावली_नाशिकरोड

बरोबर वाचलंत, २०२४ ला तो अभ्यास आला, ब्रिटनच्या नॉर्थम्ब्रिया युनिव्हर्सिटीच्या लोकांनी केलेला. त्यातच असंही आहे की माणसं राहतात त्या बेटांजवळ गवत असायची शक्यता जास्त, कारण स्वयंपाकघरातला कचरा, सांडपाणी यातनं पोषणद्रव्यं मिळतात, थोडं खत पडल्यासारखं. पण बाकीच्या जगात नेमकं उलटं चाललंय. २००९ ला जगभरचे आकडे एकत्र केले होते तेव्हा १९९० नंतर दरवर्षी सात टक्के वेगानं हे गवत कमी होतंय असं निघालं होतं, म्हणजे जिथं वाढतंय ती जागा तर जपायलाच हवी ना.

आणि थोडं खत चालतं, जास्त झालं की तेच मारतं. सांडपाणी वाढलं की पानांवर खरंखुरं शेवाळ चढतं, पाणी गढूळ होतं, खाली उजेड पोचत नाही. या झाडांना समुद्राच्या वर जेवढा उजेड असतो त्याच्या दहा-वीस टक्के तरी तळाशी लागतो, त्याखाली गेलं की उपाशी मरतात.

गवत असलं की काय होतं याचं मला सगळ्यात भावलेलं उदाहरण इंडोनेशियातल्या छोट्या बेटांचं. तिथं ड्रेनेजची धड सोय नाही, घरातलं सगळं समुद्रात. शास्त्रज्ञांनी पाणी तपासलं तर जिथं गवताची कुरणं होती तिथं माणसाला आजारी पाडणारे जिवाणू निम्म्यावर आणि शेजारच्या प्रवाळांचे रोग पण निम्मे. २०१७ चं आहे हे. एवढ्याशा बेटावर सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प बांधायला पैसे कुठून आणणार, जागा कुठून आणणार? तिथं हे गवत दवाखाना वाचवतंय.

बोटीवरचा_देवळालीकर

मी तीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, आता देवळाली कॅम्पला असतो. नांगराबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. लोकांना वाटतं नांगर टाकला की एक खड्डा पडतो, संपलं. तसं नसतं. नांगराला साखळी असते, पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट लांब सोडतात, ती तळावर पडलेली असते, आणि वारा फिरला, भरती-ओहोटी फिरली की बोट नांगराभोवती गोल फिरते आणि साखळी झाडूसारखी तळ घासत जाते. वरनं बघाल तर गवतात गोल टक्कल पडलेलं दिसतं. छोट्या यॉट रोज त्याच खाडीत येतात, रोज नवं टक्कल. उपाय अगदी साधा आहे, तळात कायमचा स्क्रू बसवायचा, वर बोया म्हणजे तरंगती खूण, आणि मधला दोर तळाला टेकणार नाही असा तरंगता. बोटवाल्यानं नांगर टाकायचाच नाही, बोयाला बांधायचं. स्पेनच्या बॅलेरिक बेटांनी २०१८ ला कायदाच केला की या गवतावर नांगर टाकायचा नाही.

आणि मॉरिशस-सेशेल्सच्या मधे चार्टवर एक जागा दिसते, साया दे माल्हा, भर समुद्रात, जवळपास ४० हजार चौरस किलोमीटरचा उथळ पठार, आपले नाशिक जिल्हे अडीच मावतील त्यात. आजूबाजूला हजारो मीटर खोल आणि इथं काही ठिकाणी दहा मीटरवर तळ. जगातल्या सगळ्यात मोठ्या गवताळ कुरणांपैकी एक तिथं आहे, जमिनीचा तुकडा नाही, माणूस नाही. त्या तळावर दोन्ही देशांचा मिळून हक्क आहे. एवढे छोटे देश आणि एवढं मोठं रान राखायचं, गस्तीच्या बोटी किती असणार यांच्याकडे सांगा.

पंचवटी_बँकवाले

देवळालीकर साहेब, पैशाचा विषय निघालाच तर सेशेल्सनं काय केलं ते लिहितो, बँकेत आयुष्य गेलं म्हणून मला हे फार आवडलं. लोकसंख्या लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढीही नाही. जमीन ४५५ चौरस किलोमीटर, नाशिक मनपाच्या हद्दीच्या दुपटीहूनही कमी, पण समुद्र साडेतेरा लाख चौरस किलोमीटरच्या आसपास. २००८ ला देश कर्जात बुडाला होता, हप्ते थकले. मग २०१६ च्या सुमारास नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या मदतीनं सुमारे २.१६ कोटी डॉलरचं परदेशी कर्ज फिरवून घेतलं, परत करायचे पैसे परदेशी सावकाराकडे न जाता देशातल्याच एका ट्रस्टकडे यायला लागले आणि त्यातला हिस्सा समुद्र राखायला. बदल्यात सरकारनं शब्द दिला की ३० टक्के समुद्र संरक्षित करू, आणि मार्च २०२० मधे तो पाळला. २०१८ ला दीड कोटी डॉलरचे ब्लू बॉण्ड, म्हणजे समुद्राच्या कामासाठीचे कर्जरोखे, पण काढले, कुठल्याही सरकारनं काढलेले जगातले पहिले.

त्यानंतर २०२१ ला त्यांनी हवामान कराराच्या आपल्या वचननाम्यात थेट लिहिलं की २०२५ पर्यंत निम्मं आणि २०३० पर्यंत सगळंच्या सगळं समुद्री गवत आणि खारफुटी राखू. गवताचं नाव वचननाम्यात लिहिणारे देश फार थोडे. कर्जाच्या कागदापासून सुरू झालेली गोष्ट गवतापर्यंत येईल, हे माझ्या नोकरीच्या काळात कुणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

मालवणची_लेक

माहेर मालवण, सासर इंदिरानगर. माझा भाऊ लक्षद्वीपला डायव्हिंग शिकवायला होता, तिथली गोष्ट वेगळीच आहे. तिथं माणूस गवत काढत नाही, कासवं खातात. हिरवी कासवं. कायद्यानं संरक्षण मिळालं, पूर्वी शिकार व्हायची ती थांबली, आणि त्यांना खाणारे मोठे शार्क कमी झालेले. मग अगत्तीच्या लगूनमधे कासवांची एवढी गर्दी झाली की गवत पार मुळापर्यंत खाल्लं, नुसतं खुरटं राहिलं, मग कासवं पुढच्या बेटाकडे. शास्त्रज्ञांनी जाळीचं कुंपण घालून काही तुकडे राखून बघितले, आत गवत परत वाढायला लागलं.

पण माका सगळ्यात लागलं ते कोळ्यांचं म्हणणं. ते कासवांवर चिडलेत, म्हणतात गवत गेलं म्हणून मासे गेले, पिल्लं वाढायला जागाच उरली नाही, आणि कासवं जाळी पण तोडतात. आपण इथं बसून कासव वाचवा म्हणतो, ते बरोबरच आहे, मी पण म्हणते. पण त्या माणसाचं रोजचं कालवण त्याच लगूनमधून येतं. त्याला सोबत घेतल्याशिवाय कासव पण वाचणार नाही आणि गवत पण नाही.

बोटीवरचा_देवळालीकर

ताई, शार्कचं म्हणालात म्हणून आठवलं. बहामाजला याच्या उलटी गंमत झाली, म्हणजे चांगल्या अर्थानं. तिथं टायगर शार्कच्या पाठीवर कॅमेरे लावले, शार्क फिरत राहिले गवतावरनं कारण त्यांची शिकार तिथंच, आणि त्या चित्रीकरणावरनं कळलं की तिथं ६६ हजार ते ९२ हजार चौरस किलोमीटर गवत आहे, आधीच्या हिशोबापेक्षा कितीतरी जास्त. २०२२ मधे प्रसिद्ध झालं. माणसाला पाण्यात उतरून एवढं मोजायला जन्म गेला असता.

रामकुंड_रोज

सगळं ठीक आहे पण मला राग येतोय, माफ करा. आपल्या गोदावरीचं काय? होळकर पुलाच्या खाली उभं रहा, पाणवेलीनं नदी दिसत नाही. दरवर्षी मशीन लावून काढतात, परत येते. आता सिंहस्थ आला. आणि आपण मालदीवच्या गवतासाठी रडतोय. आधी आपलं बघा की. आणि पाण्यातलं गवत चांगलं म्हणताय तर मग पाणवेल पण राहू द्यायची का?

सावली_नाशिकरोड

राग बरोबर आहे, आणि प्रश्न तर फारच चांगला आहे, वर्गात कुणी विचारला असता तर मी खूश झाले असते. पाणवेल तरंगते, वरनं झाकण घालते, खाली उजेड जाऊ देत नाही, पाण्यातला ऑक्सिजन संपतो. आणि ती परत परत येते कारण तिला खाणं मिळतं, गटारीचं पाणी. मशीननं पाणवेल काढतो पण खाणं चालूच ठेवतो. बेटांवर सांडपाण्यानं गवताच्या पानांवर शेवाळ चढतं ते अगदी हेच. तिथं दोषी गवत नाही, इथं दोषी फक्त पाणवेल नाही, दोन्हीकडे नळाचं दुसरं टोक बघायला हवं. म्हणजे काका, तुम्ही विषय बदलला नाहीत.

आणि आपल्याकडे पण पाण्याखाली वाढणारं चांगलं गवत आहे की. नांदूरमधमेश्वरला चापडगावच्या बाजूला हिवाळ्यात जा, पाणी उतरलेलं असतं, तळातल्या पाणवनस्पती दिसतात, त्यांच्यासाठी तर ती बदकं आणि वारकरी पक्षी हजारांनी येतात. २०२० मधे महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली ती. तिथं कुणी म्हणालं की पर्यटकांना तळ स्वच्छ दिसला पाहिजे, गवत काढा, तर आपण काढू देऊ का?

रामकुंड_रोज

नाही देणार. पटलं. मी लहानपणी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, पोहायला शिकलो तेव्हा पायाला असं मऊ लागायचं, मासे पायाला टोचायचे, आई म्हणायची गाळात जाऊ नको. ते आता आठवलं. चालू द्या तुमचं, मी वाचतोय.

निफाडकर_बागायतदार

काय काय शिकायला मिळालं, सगळ्यांचे आभार. सहल_कॉलेजरोड, तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत ते मला फार भावलं, कारण माझ्या शेजाऱ्यानं तणनाशक सोडलं ते मी भांडून नाही, माझ्या बागेत पावसात चालून बघितल्यावर. तुम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगितलं तर? की पाण्यात हिरवं दिसेल, ते कुरण आहे, सकाळी मास्क लावून बघा, कासव दिसायची शक्यता तिथंच जास्त. मी ओरडणाऱ्या पाहुण्यांतला नव्हतो पण मला तरी आधी कुठं माहिती होतं.

सहल_कॉलेजरोड

दादा, काल दिवसभर हेच डोक्यात होतं. चौकशी केली तर कळलं की २०१९ ला तिकडे मोहीमच झाली होती, ब्लू मरीन फाउंडेशन आणि लामू बेटसमूहातलं एक रिसॉर्ट मिळून, आणि तीसहून जास्त रिसॉर्टनी आपल्याकडचं गवत राखायचं कबूल केलं होतं. एवढी वर्षं धंदा करतोय, मी कधी विचारलंच नाही, आणि गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही. आज ज्या ज्या रिसॉर्टशी काम करतो त्या सगळ्यांना मेल टाकला, गवत काढता का, किती काढता, बोटी बोयाला बांधता का नांगर टाकता, सांडपाणी कुठं सोडता. दोघांची उत्तरं आली. एकानं लिहिलं काढत नाही, उलट स्नॉर्केलिंगच्या नकाशावर कुरण दाखवतो, सोबत फोटो, गवतात मान घालून चरणारं कासव. दुसऱ्यानं लिहिलं पाहुण्यांच्या सोयीसाठी नियमित स्वच्छता होते. दिवाळीची बुकिंग पहिल्याकडे वळवतोय, आणि तो कासवाचा फोटो ऑफिसात काचेखाली लावलाय, तीन जणांनी विचारलं पण हे काय म्हणून.

मालवणची_लेक

खूप बरं वाटलं वाचून. दुसऱ्यालाही परत एक मेल टाका की, बुकिंग का वळवली ते लिहून. त्यांना कारण कळू दे.

सहल_कॉलेजरोड

टाकतो ताई, आजच.

सावली_नाशिकरोड

निफाडकर दादा, एक काम आहे तुमच्याकडे. पुढच्या आठवड्यात अकरावीला वनस्पतींचा धडा सुरू होतोय. १ मार्चला जागतिक समुद्री गवत दिन असतो, श्रीलंकेनं मांडलेला ठराव संयुक्त राष्ट्रांनी २०२२ ला मान्य केला, तेव्हा मुलांकडून मोठं काहीतरी करून घेईनच, पण तोवर थांबवत नाही. तुम्ही मालदीवला हातात धरलेल्या जुडीचा फोटो काढला असेल तर पाठवा. आणि हराळीची एक काशी पेरांसकट मिळाली तर दोन्ही शेजारी ठेवून मुलांना दाखवीन. शहरातली मुलं आहेत, हराळी म्हटलं की गणपतीच्या दूर्वा एवढंच, मुळं कधी बघितलेली नाहीत.

निफाडकर_बागायतदार

मॅडम फोटो चार आहेत, आत्ता पाठवतो, एकात तो खेकडा पण दिसतोय. हराळीला काय तोटा, बांधावर पाहिजे तेवढी. गुरुवारी नाशिकरोडला येणं आहे तेव्हा कॉलेजच्या गेटवर आणून देतो. कुदळीनं खोल खणून काढतो म्हणजे काशी तुटणार नाही, आणि मातीसकटच आणतो, झटकत नाही.